बोरिक आणि टाकणखार: दुकानं दोन, ऐवज एक

बोरिक पावडर मेडिकलमध्ये मिळते आणि टाकणखार काष्टौषधीच्या दुकानात. दोन्ही पांढरे, दोन्ही स्वस्त, दोघांचीही कामं ठरलेली. बोरिक म्हणजे कॅरमचा बोर्ड, ओट्याखालची झुरळं, नाहीतर आलेले डोळे धुवायला कोमट पाण्यात चिमूटभर. टाकणखार म्हणजे सोनार आणि आजीचा बटवा. एकाच्या डबीवर ‘ॲसिड’ लिहिलेलं असतं म्हणून लोक बिचकतात. दुसऱ्याच्या नावात ‘खार’ आहे म्हणून त्याला बिनदिक्कत मिठाच्या ओळीत बसवतात. दोन्ही समजुती उलट्या आहेत असं मी म्हणणार नाही, पण दोन्हींमध्ये खोट आहे.

मला या जोडीबद्दल बोलायचा थोडा हक्क आहे. आमचे अण्णा नाशिकच्या सराफ बाजारात कारागीर होते. मी त्यांच्या पाटावर बसलो नाही, रसायनशास्त्रात बीएस्सी केलं आणि अंबडच्या एमआयडीसीत डोळ्यांचे थेंब बनवणाऱ्या एका कारखान्याच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये चिकटलो. त्यामुळे घरात खार आणि नोकरीत आम्ल, असं माझं आयुष्य गेलं. टाकणखार म्हणजे बोरॅक्स, आणि बोरॅक्स हा बोरिक आम्लाचा सोडियम क्षार, हे अकरावीत शिकलो होतो. पण पाठ केलेलं समीकरण वेगळं आणि ते अण्णांच्या तसराळ्यात रोज घडतंय हे कळणं वेगळं.

अण्णांचं काम आधी सांगतो. डागिन्याला कडी जोडायची असली की ते टाकणखाराचा खडा थेंबभर पाणी टाकून दगडी वाटीत उगाळायचे. दुधट पाणी सुटलं की ते बारीक कुंचल्याने जोडावर फिरवायचं, डाखाचे, म्हणजे वितळून जोड भरणाऱ्या मिश्रधातूचे, कणभर तुकडे चिमट्याने त्यावर ठेवायचे आणि फुंकणीने ज्योत वळवायची. पहिल्यांदा टाकणखार फुगतो. त्याच्या स्फटिकात दहा रेणू पाणी असतं, वजनाच्या जवळजवळ निम्मं, ते उकळून बाहेर पडताना पांढरा फेस उठतो. याच फेसाने डाखाचा तुकडा जागचा उडतो आणि कारागिराच्या तोंडून शिवी निघते. म्हणून नाजूक कामाला अण्णा आधी तव्यावर लाही करून ठेवलेला टाकणखार वापरायचे. लाहीत पाणीच नाही, तर ती फुगणार कुठून? फेस बसला की साधारण ७४० अंशांच्या पुढे त्याची काच होते, पारदर्शक, ओली दिसणारी. मग एका क्षणी डाख चकाकतो आणि फटीतून सरकन धावतो. ‘पळाला’ म्हणायचे अण्णा, आणि ज्योत बाजूला.

ही काच दोन कामं करते. जोडावर हवा लागू देत नाही, आणि सोन्यातलं तांबं तापून जे काळं ऑक्साइड धरतं ते स्वतःत विरघळवून घेते. म्हणून गार झाल्यावर जोडाभोवती हिरवट-निळसर काचेचा ओघळ राहतो. शाळा-कॉलेजात प्लॅटिनमच्या तारेवर बोरॅक्सचा मणी करून धातू ओळखायला लावतात (कोबाल्टचा गडद निळा, क्रोमियमचा हिरवा, मॅंगनीजचा जांभळा), तोच हा प्रकार. प्रॅक्टिकलच्या जर्नलात मी तो मणी पेन्सिलीने गोल काढला होता आणि अण्णांनी तो बघून विचारलं होतं, यात नवीन काय? बरोबरच होतं त्यांचं.

ओघळ घासून निघत नाही. म्हणून डागिना तसराळ्यातल्या पातळ गंधकाच्या तेजाबात टाकायचा. थोड्या वेळाने तांब्याचा काळपटपणाही जातो आणि काचही. कुठे जाते? तेजाब त्या काचेतलं सोडियम ओढून घेतं आणि उरतं ते बोरिक आम्ल, जे पाण्यात विरघळून बसतं. म्हणजे बाजारातला प्रत्येक सोनार रोज टाकणखारापासून बोरिक आम्ल बनवतो आणि मोरीत ओततो. (मोरीतलं पाणी आणि दुकानाचा केर मात्र सराफ बाजारात कोणी सहज टाकत नाही. झारेकरी तो विकत घेऊन त्यातून सोन्याचे कण काढतात. हा पोस्टचा विषय नाही, पण त्या लोकांच्या चिकाटीवर कधीतरी लिहायचं आहे.)

हीच क्रिया जरा नीट केली तर डोळ्यांना दिसते. गरम पाण्यात भरपूर टाकणखार विरघळवायचा, त्यात मिठाचं आम्ल, म्हणजे हायड्रोक्लोरिक, बेताने घालायचं आणि गार होऊ द्यायचं. बोरिक आम्ल गार पाण्यात फार विरघळत नाही. खोलीच्या तापमानाला १०० मिलीत पाचेक ग्रॅम, उकळत्या पाण्यात मात्र पंचवीसच्या वर. त्यामुळे गार होता होता तळाशी पातळ पापुद्रे बसू लागतात. चांदीच्या वर्खाचा चुरा पाण्यात सोडल्यासारखे ते हलताना चमकतात. हिशेबाने १०० ग्रॅम टाकणखारातून ६५ ग्रॅमच्या आसपास बोरिक आम्ल निघतं. पापुद्रे बोटांत धरले की निसटतात, कारण त्याचे रेणू सपाट असतात आणि थरावर थर रचलेले. थर एकमेकांवरून घसरतात, ग्रॅफाइटचे घसरतात तसेच. कॅरमची सोंगटी बोरिकवर पळते ती यामुळे. टाकणखाराची पूड बोर्डावर टाकून बघा, खरखरीत लागेल. आम्ल गुळगुळीत आणि क्षार खरबरीत.

आता या आम्लाच्या स्वभावाकडे येतो, कारण खरी गंमत तिथे आहे. आम्ल म्हणजे पाण्यात हायड्रोजन आयन सोडणारा पदार्थ, असं आपण शिकतो. बोरिक आम्ल स्वतःचा एकही हायड्रोजन सोडत नाही. त्याच्या बोरॉनभोवती तीन ओएच गट आहेत आणि चौथ्याची जागा रिकामी आहे. ते पाण्याच्या रेणूकडून एक ओएच ओढून ती जागा भरतं, आणि पाण्याचा जो हायड्रोजन मागे राहतो तो द्रावणाला आंबट करतो. आंबटही किती, तर नावापुरतं. त्याचा पीकेए, म्हणजे आम्लाचा दुबळेपणा सांगणारा आकडा (जितका मोठा तितकं आम्ल दुबळं), ९.२४ आहे. व्हिनेगरचा पावणेपाच. म्हणजे व्हिनेगर बोरिकपेक्षा हजारो पट कडक, आणि ते आपण सॅलडवर ओततो. ‘ॲसिड’ या नावाला घाबरायचंच असेल तर बोरिकच्या बाबतीत ते आंबटपणासाठी तरी घाबरू नये. घाबरायची कारणं वेगळी आहेत, ती पुढे.

चार ओएच घेतलेला तो बोरॉन म्हणजे बोरेट आयन, ज्याच्या सोबतीला सोडियम आला की क्षार झाला. पण टाकणखारात सगळाच बोरॉन चार-ओएचवाला नसतो. त्याच्या एका घटकात चार बोरॉन असतात आणि सोडियम दोनच. पाण्यात विरघळला की दोन बोरॉन बोरेट होऊन वावरतात आणि उरलेले दोन साधं बोरिक आम्ल होऊन. माझ्या मते सगळी जोडी समजून घ्यायची किल्ली इथेच आहे. टाकणखार हा अर्धवट उदासीन झालेला क्षार आहे. त्याच्या पोटात निम्मं आम्ल आधीच बसलेलं आहे. आम्ल आणि त्याचा आयन सारख्या प्रमाणात असले की पीएच त्या आम्लाच्या पीकेएइतका येतो, म्हणून टाकणखाराच्या द्रावणाचा पीएच ९.२ च्या जवळ, आणि थोडं पाणी जास्त पडलं तरी फारसा हलत नाही. आमच्या लॅबमध्ये पीएच मीटर लावायला जी बफर, म्हणजे पीएच धरून ठेवणारी, द्रावणं असायची त्यातलं वरच्या टोकाचं हेच, ०.०१ मोलर बोरॅक्स, २५ अंशांना ९.१८.

एकाच चंबूत हे सिद्धही करता येतं. नव्या ट्रेनींना मी हे हटकून करायला लावायचो. टाकणखाराचं द्रावण घ्या, मेथिल रेड हे रंग बदलून खूण देणारं द्रव्य टाका, हायड्रोक्लोरिक आम्लाने टायट्रेट करा, म्हणजे रंग पालटेपर्यंत ते थेंब थेंब मोजून घाला. समजा १० मिली लागलं. ही झाली सोडियमची मोजणी. आता चंबूत सगळा बोरॉन बोरिक आम्ल होऊन बसलाय. त्याला कॉस्टिक सोड्याने टायट्रेट करायला गेलात तर फिनॉल्फ्थॅलिनचा गुलाबी रंग येतो, जातो, रेंगाळतो, धड काही कळत नाही, इतकं ते आम्ल दुबळं. मग मूठभर मॅनिटॉल टाका. मॅनिटॉल म्हणजे एक साखरेच्या गोत्रातला पदार्थ, ग्लिसरिनही चालतं. तो चार-ओएचवाल्या बोरॉनला मिठी मारून धरून ठेवतो, परत जाऊ देत नाही. त्यामुळे बोरिकला पुढे पुढे ओएच घेत राहावंच लागतं आणि तेच मवाळ आम्ल अचानक कडक वागू लागतं. आता कॉस्टिक घाला, गुलाबी रंग एका थेंबात पक्का. आणि ब्युरेट वाचा: तितक्याच ताकदीचं कॉस्टिक बरोबर दुप्पट लागलं, २० मिली. सोडियम दोन, बोरॉन चार. पुस्तकातलं सूत्र असं काचेवरच्या रेघांत वाचायला मिळालं की पोरांच्या चेहऱ्यावर जे उमटायचं त्यासाठी मी ती नोकरी आवडीने केली, पगारासाठी फक्त नाही.

टाकणखाराचा एक नखरा तेवढा सांगतो. प्रमाण द्रावणासाठी वापरायचा तर त्यातलं दहा रेणू पाणी जसंच्या तसं राहायला हवं, आणि कोरड्या हवेत तो पाणी सोडत राहतो. दुकानातला खडा वरून पांढुरका झालेला असतो तो यामुळेच. म्हणून त्याला साध्या डेसिकेटरमध्ये, म्हणजे नमुने कोरडे ठेवायच्या झाकणाच्या काचपात्रात, ठेवायचं नाही. तळाशी साखर आणि मीठ दोन्हींचं संपृक्त द्रावण ठेवायचं, म्हणजे आतली आर्द्रता त्याच्या मर्जीची राहते. ऑडिटला आलेल्या साहेबांना डेसिकेटरच्या तळाशी साखरेचं पाणी का, हे समजावताना मजा यायची.

डोळ्यांच्या थेंबात ही दोघं जोडीनेच जातात. क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकाच्या थेंबांचा जुना ब्रिटिश नुस्खा आहे: १०० मिलीत बोरिक आम्ल दीड ग्रॅम आणि बोरॅक्स ०.३ ग्रॅम. आम्ल वाढवलं की पीएच खाली, खार वाढवला की वर, आणि अश्रूंच्या जवळपास आणून ठेवायचं. कागदावर साधा हिशेब केला तर हा नुस्खा आठच्या आसपास दिसतो, पण मीटर त्याच्या बराच खाली, साडेसाताच्या आत वाचतं. कारण द्रावण जरा दाट झालं की बोरॉन एकमेकांना जोडून मोठे आयन बनवतात आणि हिशेब बिघडवतात. शिवाय १.९ टक्के बोरिक आम्लाचं द्रावण डोळ्याच्या पाण्याशी समतोल असतं, झोंबत नाही. एकट्याने एवढी कामं करणारी दुसरी स्वस्त वस्तू आम्हाला सापडली नाही.

हळदीचं मात्र सविस्तर सांगायलाच हवं.

घरात बिनलेबलाची पांढरी पुडी सापडली आणि बोरिक की टाकणखार असा प्रश्न पडला तर पाण्यात विरघळवून त्यात हळद टाका. टाकणखार असेल तर लगेच तांबडं होईल. बोरिक असेल तर पिवळंच राहील. यात विशेष काही नाही, आम्लारी पाण्यात हळद तांबडी होतेच, चुना लावलेल्या हळदीसारखीच. त्या तांबड्या पाण्यात लिंबू पिळलं की पुन्हा पिवळं. इथपर्यंत पाचवीतल्या मुलाचा प्रयोग.

पण आता तो पिवळा झालेला थेंब कागदावर टाकून सुकू द्या. हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलेलं असेल तर फारच स्पष्ट दिसतं: सुकता सुकता तो परत लाल होतो, आणि या वेळचा लाल आम्लाने जात नाही. वर अमोनियाचा थेंब टाकला तर हिरवट-काळा. हा लाल रंग आम्लारीपणाचा राहिलेलाच नाही. आम्लाने टाकणखारातून बोरिक मोकळं केलं आणि त्या बोरिकने हळदीतलं कुर्क्युमिन धरून नवाच रंगद्रव्य रेणू बांधला, ज्याला रोझोसायानिन म्हणतात. खाद्यपदार्थात बोरॉन आहे का ते तपासायला प्रयोगशाळा आजही हळदीचा कागद वापरतात, आणि नमुना आधी आम्लधर्मी करून घेतात. त्यामुळे भेसळ करणाऱ्याने टाकणखार घातला असो की बोरिक, कागदावर दोन्हींचा रंग सारखाच उमटतो. भारतात खाण्यात दोन्हींना बंदी आहे.

आता पारंपरिक कुंकू कसं करतात ते आठवा. हळकुंडं, टाकणखार, तुरटी आणि लिंबाचा रस. मुरवायचं, सुकवायचं, कुटायचं. मी लॅबमध्ये पहिल्यांदा हळदीच्या कागदाची चाचणी केली तेव्हा त्या रात्री घरी येऊन आईला विचारलं होतं की तुमच्या माहेरी कुंकू कसं करायचे. तिने हेच जिन्नस सांगितले, आणि लिंबू लागतंच असं ठासून सांगितलं, त्याशिवाय रंग ‘बसत’ नाही. नुसत्या खारामुळे आलेल्या तांबडेपणावर काम भागलं असतं तर लिंबाने तो रंग उलट घालवला असता. लिंबू लागतंच, याचा अर्थ मी असा लावतो की ते खारातून आम्ल सोडवतं, आणि सुकताना ते आम्ल हळदीला चिकटतं. म्हणजे रोझोसायानिनच्या कुळातलाच रंग. बाजारातलं बरंचसं कुंकू आता कृत्रिम रंगाचं असतं, त्याला हे लागू नाही. पण ज्या बायकांनी हा नुस्खा बसवला त्यांनी खारातून आम्ल काढायची क्रिया युरोपातल्या रसायनज्ञांची वाट न पाहता केली, एवढं तरी म्हणता येईल.

युरोपात ते श्रेय विल्हेल्म होम्बर्गला देतात. १७०२ साली त्याने बोरॅक्स आणि हिराकस (लोखंडाचं सल्फेट) तापवून पांढरे चमकते पापुद्रे मिळवले आणि त्याला शामक मीठ म्हटलं. ते हिराकसातून आलं असं त्याला वाटत होतं. ते बोरॅक्समधूनच येतं, आणि बोरॅक्स म्हणजे हे शामक मीठ अधिक सोडा, हे नक्की व्हायला अठराव्या शतकाचा मध्य उजाडला. तोपर्यंत युरोपचा बोरॅक्स यायचा तो बहुतेक तिबेटच्या सरोवरांकाठचा. मेंढ्या-बकऱ्यांच्या पाठीवर छोट्या पिशव्या लादून हिमालयाच्या खिंडींतून खाली. लडाखच्या पुगा खोऱ्यातही गरम झऱ्यांभोवती टाकणखाराची पापडी धरते.

आणि मग इटलीत उलटं घडलं. टस्कनीतल्या वाफ ओकणाऱ्या डबक्यांच्या पाण्यात १७७७ साली खुद्द बोरिक आम्लच सापडलं. क्षार नव्हे, मोकळं आम्ल. १८१८ मध्ये तिथे धंदा उभा राहिला, फ्रांस्वा द लार्देरेल नावाच्या माणसाने पुढे लाकडं जाळण्याऐवजी जमिनीतल्या वाफेवरच ते पाणी आटवायला सुरुवात केली, आणि गावाला त्याचंच नाव पडलं, लार्देरेलो. आशियात निसर्ग खार द्यायचा आणि माणूस त्यातून आम्ल काढायचा. टस्कनीत निसर्ग आम्ल देत होता आणि माणूस त्यात सोडा घालून टाकणखार बनवत होता. त्याच लार्देरेलोत १९०४ साली जमिनीतल्या वाफेवर वीज बनवून पाच दिवे पेटवले. आणि आपल्या पुग्यातही ओएनजीसीने २०२१ मध्ये भू-औष्णिक विजेसाठी करार केला. बोरॉन आणि जमिनीखालची वाफ एकमेकांची पाठ सोडत नाहीत असं दिसतं. आज बोरॉनचे जगातले सगळ्यात मोठे साठे तुर्कस्तानात आहेत. आपल्या दुकानातला माल परदेशी खनिजातूनच निघालेला असतो.

परवा भाची आली होती, तिला स्लाइम करायचा होता. मोबाइलवरच्या कृतीत बोरॅक्स लिहिलं होतं, तिने मेडिकलमधून बोरिक आणलं. पांढऱ्या गोंदात घातलं, ढवळून हात दुखले, गोंद पाणीच राहिला. ‘मामा, पावडर खराब आहे.’ पावडर उत्तम होती. गोंदाचे लांब रेणू एकमेकांना टाचायचं काम चार-ओएचवाला बोरेट आयन करतो, आणि नुसत्या बोरिकच्या पाण्यात तो जवळजवळ नसतोच. मी चमचाभर खाण्याचा सोडा घालायला सांगितला. सोड्याने पाणी आम्लारी झालं, बोरिकने ओएच घेतला आणि वाटीतला गोंद चमच्याला लोंबायला लागला. टाकणखार आणायला कोणी गेलं नाही, तो वाटीतच तयार झाला. खेळून झाल्यावर हात साबणाने धुवायला लावले आणि धाकट्याला त्या वाटीच्या जवळपास फिरकू दिलं नाही.

ते का, तेच आता सांगतो. आपल्याकडे तान्ह्या बाळाचं तोंड आलं की टाकणखाराची लाही मधात कालवून लावायची पद्धत आहे. आमच्या शेजारच्या वहिनींनी मला हेच विचारलं, की बोरिक विषारी असतं हे माहीत आहे, झुरळाच्या गोळ्यांत तेच घालतो, पण टाकणखार तर खार आहे, सौम्य, शिवाय आयुर्वेदातला. तुम्ही लॅबमधले, तुम्ही सांगा.

मी सांगितलं, लावू नका. बोरॅक्स आणि मध लावलेली चोखणी दिलेल्या बाळांना झटके आल्याच्या नोंदी ब्रिटनच्या वैद्यकीय साहित्यात आहेत. पोटात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, तिथे गेलेल्या टाकणखाराचं तेच होतं जे अण्णांच्या तसराळ्यात व्हायचं. रक्ताचा पीएच ७.४ च्या आसपास, म्हणजे ९.२४ च्या बराच खाली. तिथेही बोरॉन जवळजवळ सगळा बोरिक आम्लाच्याच रूपात फिरतो. शरीराला कुठल्या दुकानातून आणलं याच्याशी कर्तव्य नाही. म्हणून विषशास्त्रवाले दोन्हींचा हिशेब एकाच मापाने करतात, बोरॉन किती गेला. बोरिक आम्लात तो वजनाच्या साडेसतरा टक्के असतो आणि टाकणखारात सव्वाअकराच्या जरा वर. तेवढ्याच अर्थाने खार सौम्य. धडधाकट कातडीतून फारसं आत जात नाही, पण सोललेल्या, भाजलेल्या कातडीतून आणि तोंडातून जातं, आणि शरीराबाहेर पडायला वेळ लागतो, म्हणून थोडं थोडं रोज दिलेलं साठत जातं. मध तर वर्षाच्या आतल्या बाळाला तसाही द्यायचा नसतो.

‘पण लाही केल्यावर त्यातला दोष जातो ना?’ वहिनींनी विचारलं. तव्यावर उडतं ते पाणी, बोरॉन जागचा हलत नाही. पूर्ण कोरड्या झालेल्या लाहीत तो साडेएकवीस टक्के होतो, बोरिक पावडरपेक्षाही जास्त.